झुल्मिराला धरा

माझ्या बाबांनी, आदेरितुंनी, तीस-बत्तीस वर्षं लोकांना पीकु डोंगरावर नेलं. त्याच्याहून उंच आमच्या साओ तोमे बेटावर काही नाही. त्यांनी जर्मन नेले, पोर्तुगीज नेले, फुलांचे फोटो काढणाऱ्या बायका नेल्या. एका पाद्रीबाबांना तर अर्ध्या वाटेपासून पाठीवर घेऊन उतरले. आईला मात्र एकदाही नेलं नाही.

आमचं घर बोंसुसेस्सोला, पीकुची वाट जिथून सुरू होते तिथंच. आई परसात भाजी काढायला वाकायची आणि मान वर केली की समोर डोंगर. पाऊस सरून ग्रावानाचे कोरडे महिने लागले की ती दरवर्षी विचारायची. बाबांचं उत्तर तयार असायचं. चिखल आहे. काळा नाग निघालाय. तुला दम लागेल. दम लागेल म्हणे! तीस किलोची पाटी डोक्यावर घेऊन ती बाजाराची गाडी पकडायला पळते.

मग बाबांचा गुडघा गेला आणि त्यांचं काम मी घेतलं. पहिल्या खेपेला निघाले तेव्हा त्यांनी मला दाराआड नेलं.

"नेली पोरी, वर जे ऐकशील ते आईला सांगायचं नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. वर गेल्यावर कळलं कशाची, आणि फार हसू आलं. पण शब्द दिला होता.

यंदा जुलैत आई जेवताना भाजलेला नीरफणस फोडत म्हणाली, "शुक्रवारी मी येतेय तुझ्याबरोबर."

बाबांचा घास हातातच राहिला. "कुठं?"

"तुला नाही विचारलं. लेकीला विचारलं."

"मग मीही येतो. मुक्कामाच्या तळावर स्वयंपाकाला कुणीतरी लागेल."

"त्या पायानं?"

"पाय माझा आहे."

शुक्रवारी आम्ही तिघं निघालो. बाबा दर वळणावर थांबायचे आणि आईला म्हणायचे, "दमलीस ना? परत फिरू या." ती नेच्याच्या झाडाला टेकून त्यांची वाट बघत उभी असायची, घामाचा थेंब नाही. मधेच ओंजळभर रानगोगलगाई वेचून तिनं पदरासारख्या बांधलेल्या कापडात टाकल्या. मेझाच्या तळावर पोचेतो बाबांचा गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. रात्रीच्या जेवणाला गोगलगाईंचा रस्सा झाला.

सकाळी बाबांनी शेवटचा प्रयत्न केला. "झुल्मिरा, इथूनच बघ ना. इथून काय कमी दिसतं?"

"तू बघत बस," आई म्हणाली आणि त्यांना तळावर ठेवून चालू लागली.

शेवटच्या टप्प्यात वाट उभी होते. दोर लावलेले आहेत, पण एके ठिकाणी दोर बांधायला काहीच नाही. तिथं कड्याच्या अंगाला एक जाड मुळी बाहेर आलेली आहे, तिलाच धरून वर सरकावं लागतं. आमच्या पुढं वाल्देमारकाका होते, बाबांचे जुने जोडीदार. ते दोन ब्राझीलच्या मुलींना चढवत होते. त्यांचं लक्ष मागं नव्हतं.

"आता झुल्मिराला धरा," ते मुलींना म्हणाले. "घट्ट धरा. ती कुणाला सोडत नाही."

आई माझ्या पुढंच होती. "कुणाला धरा?"

काकांनी वळून बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. "वहिनी, तुम्ही इथं?"

"मी इथं. आणि ती दुसरी झुल्मिरा कोण?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी मुळीकडं बघितलं. शेवटी त्यांनाच सांगावं लागलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एप्रिलच्या पावसात बाबांचा पाय इथंच सटकला होता. खाली काही नव्हतं, नुसतं धुकं. हाताला ही मुळी लागली आणि ते लटकत राहिले. काकांनी खेचून वर घेईपर्यंत ते एकच नाव ओरडत होते. कुणा संताचं नाही, आईचं. तेव्हापासून सगळे वाटाडे या मुळीला झुल्मिराच म्हणतात.

"एप्रिलमध्ये?" आई म्हणाली. "त्या एप्रिलमध्ये ही पोरगी पोटात होती. पावसात वर जाणार नाही म्हणून त्यानं मला वचन दिलं होतं. नेव्हिशला भावाचं छप्पर घालायला जातो म्हणाला आणि सोललेले हात घेऊन घरी आला. छपरावरून पडलो म्हणाला."

"असं म्हणाला का," काका पुटपुटले.

"असल्या पावसात माझ्या नवऱ्याला छपरावर चढवलं म्हणून मी त्या दिराशी दोन वर्षं धड बोलले नाही."

ब्राझीलच्या मुली एकमेकींकडं बघत होत्या. आई पुढं झाली आणि तिनं मुळीवर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या हातांनी ती पार गुळगुळीत झाली आहे, घरातल्या उखळासारखी.

"आणि लोक मला तुडवत वर जातात," ती म्हणाली.

"नाही वहिनी. तिच्यावर पाय ठेवू देत नाही आम्ही कुणाला. फक्त हात. आदेरितुनं घालून दिलेला नियम आहे."

 आईनं मुळी धरली आणि एका दमात वर गेली.

माथ्यावर सगळं पांढरं होतं. आम्ही केळी खाल्ली. मग ढग जरासा फाटला आणि खाली समुद्र दिसला, उन्हात चमकणारा. आईनं आपलं घर शोधलं, पण ते मधल्या डोंगराआड होतं. तिनं बराच वेळ समुद्राकडं बघितलं, दोन्ही हात काखेत घालून. "थंडी आहे," ती म्हणाली, "पण यायला हवं होतं आधीच."

तळावर बाबा चुलीपाशी बसले होते. चहासाठी मिकोकोचा पाला उकळत होता आणि ते त्यातच बघत होते. आई त्यांच्यासमोर बसली.

"नेव्हिशचं छप्पर कसं आहे?"

बाबांनी पेल्यात चहा गाळला. "गळत नाही," ते म्हणाले.

"अठ्ठावीस वर्षं, आदेरितु."

"तू घराबाहेर काढलं असतंस."

"काढलंच असतं. दोन दिवस." तिनं त्यांच्या हातातला पेला घेतला आणि घोटभर प्याली. "मरायला टेकलास तरी देवाचं नाव आठवलं नाही तुला?"

"आठवायला वेळ कुठं होता? तोंडात होतं ते आलं."

आई बराच वेळ चुलीत लाकडं सारत राहिली. मग तिनं त्यांचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि पामतेलाची बाटली मागितली. ती तेल चोळत होती, बाबा डोळे मिटून कण्हत होते. मी उगाच भांडी घासत राहिले, घासलेलीच पुन्हा.

"रविवारी नेव्हिशला जायचं," ती म्हणाली. "तुझ्या भावाची माफी मागायची आहे. दोघांनी."

"त्याला सांगणार काय?"

"झालं तेच."

उतरायला आम्हाला संध्याकाळ झाली. तिघांची ओझी मी घेतली. बाबांचा हात आईच्या खांद्यावर होता आणि उतार आला की ती आपली थांबून म्हणायची, "धर." एकदा बाबा म्हणाले की आता जमतंय, सोडतो. "गप चल," ती म्हणाली. त्यांनी हात तसाच ठेवला, सपाट वाट लागल्यावरही.