वसंताला मागे टाकणारी स्की

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे, त्यातलं एक अक्षरही तुम्हाला खरं वाटणार नाही. बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचा, रंग टाकून चोखायचा, एवढीच तुमची समज! तुम्हाला माझी थोरवी काय कळणार?

मी एक जुनी स्की आहे. बर्फावरून घसरताना पायाला बांधतात ना, ती लांब, पुढून वळलेली फळी. हिमालयात, औलीच्या उतारावरच्या एका भाड्याच्या दुकानात मी वाढले. आणि आज पाहा! नाशिकजवळ दिंडोरी रस्त्यावरच्या द्राक्षमळ्यात, दोन विटांवर आडवी पडले आहे आणि अंगावर ठमाबाईंच्या लोणच्याच्या बरण्या. जरा हलले तर शिव्या खायच्या!

इथे मला आणलं ठमाबाईंच्या नवऱ्याने, सहादूंनी. वेदिका, तुझे आजोबा असले तरी सांगते, असं अडाणी गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं.

बर्फावरून एकदा तरी घसरायचं, हे या माणसाचं तीस वर्षांचं वेड. पण बर्फ पडतो थंडीत, तेव्हा यांची बाग घडांनी लगडलेली. द्राक्षांचा शेवटचा ट्रक रवाना झाला, की लगेच एप्रिलची छाटणी. मधे मोकळे म्हणून आठ दिवस. त्यात यंदा डॉक्टरांनी बजावलं, मे महिन्यात गुडघ्याची वाटी बदलायची, पुढे असले खेळ बंद. झालं! त्या आठ दिवसांत हे निघाले औलीला. एप्रिलात! शहाणी माणसं तेव्हा तिथून परत येतात.

आणि ध्यान काय ते! पायजमा, कानटोपी, तिच्यावर पुन्हा गांधी टोपी. मागे ठमाबाई, नऊवारीखाली जावयाचे बूट. डोक्यावर द्राक्षांचं प्लॅस्टिकचं कॅरेट, वाटेत लोकांना वाटायला! मी खुंटीवरच तोंड फिरवून घेतलं.

दुकानदार कुलूप लावत होता. उतारावर चिखल, जागोजाग पाण्याचे ओहोळ, पिवळी फुलं. बर्फ उरला होता तो सावलीतल्या एका घळीत, चार सतरंज्यांएवढा.

"सीझन खतम, बाबूजी. जनवरी में आना."

"जानेवारीत आमची फवारणी ऱ्हाती, भाऊ. अन् गुडघा काय तवर थांबत नाय."

"आवो, त्याला हिंदीत सांगा," ठमाबाईंनी टोकलं.

"घुटना नहीं रुकेगा, भैया."

दुकानदाराने हसत हसत मला खाली काढलं.

आता पुढचं कान देऊन ऐका. सहादू दोन्ही हात पसरून तोल सावरत होते. मी म्हटलं, गप उभे राहा, बाकीचं मी बघते. आणि सुटले! मागून ऊन बर्फ वितळवत येत होतं आणि पुढून मी पळत होते. माझ्या शेपटीमागे पाणी, पाण्यामागे गवत, गवतामागे फुलं! वाटेत एक अस्वल झोपलं होतं. त्याच्या पोटावरून मी उडी घेतली. ते कूस बदलेपर्यंत आम्ही तीन मैल खाली! शेवटचा बर्फ बोटभर उरला, तेवढ्यावर मी ऐटीत थांबले. दुकानदाराने डोळे पुसले आणि मला सन्मानाने सहादूंच्या हवाली केलं. माझ्या टोकाला ही तार गुंडाळलेली दिसते ना? ती त्याच पराक्रमाची खूण.

तेव्हा मुलांनो, वस्तूंची कदर करायला शिका. या बरण्या उतरवा. मला मेण चोळा, भिंतीवर टांगा, आणि पाहुणे आले की सगळ्यांत आधी माझी ओळख...

"ए भवाने!" बरणी न्यायला आलेल्या ठमाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "पोरांना काय थापा मारतीस? पायाला बांधली तशी चिखलात रुतलीस अन् मोडलीस! दुकानदारानं फेकून दिली, यांनी फळी व्हईल म्हणून उचलली."

वेदिकाचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे आजोबा घसरलेच नाहीत?"

"घसरले की! द्राक्षं त्या दुकानदाराच्या पदरात टाकली अन् हे बसले रिकाम्या कॅरेटात. मागून म्या ढकललं." ठमाबाईंनी पदर तोंडाला लावला. "अन् कॅरेट सुटलं, तशी मीबी त्यांच्या मागं कॅरेटात उडी टाकली."