उजाडल्यावरची झोप

कारखान्याच्या फाटकावरच्या वॉचमनला सगळे मामा म्हणत. त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली, आणि हे मला दीड महिन्याने कळलं.

मी त्याच कारखान्यात भाषांतराचं काम करते. थंडीच्या दिवसांत एका रात्री गोदामातून तांब्याच्या तारेची चार भेंडोळी चोरीला गेली. चौकशी बसली. त्या सकाळी एक परदेशी ट्रकवाला फाटक उघडायची वाट बघत बाहेर थांबला होता. त्याने इंग्रजीत अर्धं पान लिहून दिलं आणि तो पुढच्या मुक्कामाला निघून गेला. पान माझ्या टेबलावर आलं. त्यात होतं, मी 'डॉन'ला पोचलो तेव्हा वॉचमन बाकावर झोपलेला होता. मी लिहिलं, "पहाटे." पुढे आणखी एक वाक्य होतं, की गाडीचे दिवे मी आधीच बंद केले होते, त्यांची गरज उरली नव्हती. जेवणाची सुट्टी व्हायला आली होती. दिव्यांचं काय घेऊन बसायचं, म्हणून मी ते गाळलं.

"साहेब, माझी पाळी सहाला संपली. बदलीचा माणूस आला नाही म्हणून बाकावर टेकलो, तिथे डोळा लागला," मामा परोपरीने सांगत राहिले. पण कागद म्हणत होता पहाटे, आणि पहाट म्हणजे चार-पाच. कागदापुढे कुणाचं चालतं? मामांना काढून टाकलं. मीही मनात म्हटलं, म्हातारा थापा मारतोय.

मग एका रविवारी मोठे भाऊजी घरी आले होते. ते इंग्रजीचे निवृत्त मास्तर. लेक पुस्तक घेऊन त्यांच्याजवळ बसली.

"काका, डॉन म्हणजे काय?"

"तुला काय वाटतं?"

"गुंडांचा म्होरक्या!"

भाऊजी पोट धरून हसले. "तो वेगळा, त्याचं स्पेलिंगही वेगळं. हा सकाळचा. जुन्या इंग्रजीत दिवस या शब्दाच्या कुळातलं एक क्रियापद होतं, दिवस होणे. त्यावरून उजाडणं अशा अर्थाचा लांब शब्द झाला, आणि त्याची शेपटी तोडून हा आखूड शब्द मागाहून निघाला. म्हणून यात उजेड हवाच. आपली पहाट आभाळात चांदण्या असतानाही होते. याला म्हणायचं फटफटणं, तांबडं फुटणं. एखाद्या युगाची सुरुवात झाली तरी हाच शब्द. आणि एखादी गोष्ट उशिरा लक्षात आली, की इंग्रज म्हणतो ती माझ्यावर उजाडली."

"म्हणजे डोक्यात उजेड पडला!" लेक म्हणाली.

मी कपड्यांच्या घड्या घालत होते. हात जागच्या जागी थांबले. त्या दिवसांत उजाडायला पावणेसात होत होते.

"पण भाऊजी, शब्दकोशात पहाट असाच अर्थ दिलाय ना?"

"दिलाय की. नऊ वेळा चालून जातो. दहाव्या वेळी मागचं-पुढचं वाक्य बघावं लागतं."

पुढचं वाक्य तर मीच गाळलं होतं.

तीन दिवस मी तोंडाला कुलूप लावून बसले. शब्दकोशाकडे बोट दाखवता आलं असतं, कुणी काही म्हणालं नसतं. पण फाटकातून आत जाताना रोज तो रिकामा बाक दिसायचा. चौथ्या दिवशी मी मॅनेजरसमोर उभी राहिले.

"बाई, फाइल बंद झाली. पुरलेलं मढं कशाला उकरता?"

"चूक माझी आहे. लिहून देते."

"तुमचं काम जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं आणि तिथेच लिहायला बसले.

मूळ पान फाइलीतच होतं. दुसऱ्या माणसाकडून त्याचं भाषांतर करून घेतलं गेलं. मला लेखी ताकीद मिळाली आणि मामांना परत बोलावल्याचं पत्र निघालं. ते पोस्टाने जाणार होतं. मी मागून घेतलं.

मामा एका खोलीत राहत. खिडकीपाशी त्यांची बायको लोकांचे कपडे इस्त्री करत होती. मी पत्र दिलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, जेवणाच्या सुट्टीसकट. मामांनी ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"हे तिला सांगा," ते म्हणाले. "तिलाही वाटलं होतं, मी पाळीवरच झोपलो असेन."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मामींनी इस्त्री उभी करून ठेवली. "मी यांना काय काय बोलले हो," त्या म्हणाल्या आणि पदरात तोंड लपवून रडायला लागल्या. मामा उठून पाणी आणायला गेले.

ते आता दिवसपाळीला असतात. बाकावर बसलेले दिसत नाहीत. मी एकदा म्हटलंही, "मामा, बसा ना जरा."

"नको बाई," ते म्हणाले, "उभाच बरा."

मी मान खाली घालून आत गेले.