कडूबा नावाचा ऑप्शन

चौबळसाहेबांच्या कर्नेलमध्ये तीनशे सतरा ऑप्शन होते, आणि त्यांतल्या निम्म्यांचं काम काय, हे सांगू शकेल असा एकही माणूस कंपनीत उरला नव्हता. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तो बांधताना यादीतल्या प्रत्येक ऑप्शनपुढं 'हो' किंवा 'नाही' लिहायचं. 'हो' जितके जास्त, तितका गाभा जाड. आठ वर्षांत वाळूजच्या 'खाम डेटा सिस्टिम्स'मध्ये जो जो इंजिनिअर आला, त्यानं यादीत आपली भर घातली आणि पुण्यात नोकरी लागली की निघून गेला. मुंबई बंदरातून कधी सुटलाच नाही अशा टेप ड्राइव्हसाठी एक ऑप्शन होता. जपानी कीबोर्डसाठी दोन होते. एक ऑप्शन दुसऱ्याला चालू करायचा, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसरा गपचूप पहिल्याला बंद करायचा. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "राहू दे, कुणा साहेबानं घातला असेल."

हा उकिरडा उपसायचं काम सूर्यभानच्या गळ्यात पडलं. कन्नडच्या घाटाखालच्या धनगराचा हा पोरगा, तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून आलेला, तीन वर्षं टेंपररी. स्वभावानं इतका अबोल, की कँटीनमध्ये भाजी वाढायला विसरले तरी कोरडी पोळी खाऊन उठायचा. डिसेंबर त्र्याण्णवमध्ये चौबळसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"रामकिसनजींच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर मोजणीसाठी आपली पाच मशीनं बसवायचीत. त्यांत हार्ड डिस्क जेमतेम, फ्लॉपी एकच. सगळा गाभा त्या एका फ्लॉपीत मावला पाहिजे. संक्रांतीला पहिलं चालवून दाखवायचंय. मावला तर तुझं कायम झाल्याचं पत्र तिथंच देतो. नाही मावला, तर कन्नडची एसटी सिडको स्टँडवरून सुटते की मध्यवर्ती बसस्थानकावरून, ते बघून ठेव."

सूर्यभान "व्हय" म्हणाला. दुसरं काही म्हणायची त्याला सवय नव्हती.

गाभा एकदा बांधायला दोन तास दहा मिनिटं लागत. पहिल्या आठवड्यात त्यानं सात ऑप्शन काढले आणि त्यांतले चार भीतीनं परत घातले. रविवारी तो डोकं धरून कंपनीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर गेला. तिथं त्याच्या बापाची, मुंजाबाची मेंढरं बसलेली. मुंजाबा दरसाल हिवाळ्यात याच माळावर उतरायचा. पुढं माळाचं वाळूज औद्योगिक क्षेत्र झालं, पण मुंजाबाला ते कुणी लेखी कळवलं नव्हतं. त्यामुळं प्लॉट जी-चौऱ्याहत्तरवर कारखान्याऐवजी मेंढरं होती आणि 'उद्योगासाठी राखीव' या पाटीला शिंगं घासत होती.

सूर्यभाननं दुखणं सांगितलं. कर्नेल बापाला कळलं नाही, पण गर्दी कळली.

"त्यात काय येवढं?" मुंजाबा म्हणाला. "कोण कुणाचं ते कळंना झालं, की आमी एकेकाला वाघुरीच्या भायेर काढतो." वाघूर म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण. "भायेर काढायचं आन् कान देऊन बसायचं. आत कोकरू वरडलं, तर ती त्याची माय. परत आत घ्यायची. कुणीच नाय वरडलं, तर पाचोडचा बाजार दाखवायचा. तू बी बंद करून बघ, कोण वरडतंय."

"आन् गरज असून बी वरडलंच नाय तर?"

"आसतंय आसं येखादं. मुकं कोकरू. सकाळी मरून पडल्यालं दिसतं." मुंजाबानं पोराकडं जरा जास्तच वेळ बघितलं. "तू बी तसलाच. पाच वर्षांचा व्हईस्तोर भूक लागली म्हणून बोंबलला नाईस."

सूर्यभाननं तेच केलं. दहा-दहा ऑप्शन वाघुरीबाहेर काढायचे, गाभा बांधायचा, मशीन चालवायचं आणि कोण ओरडतं ते ऐकायचं. प्रिंटर ओरडला; त्याला आत घेतलं. जपानी कीबोर्डसाठी कुणी हूं की चूं केलं नाही. टेप ड्राइव्ह मुकाट गेला. तीन ऑप्शनांचं ते एकमेकांच्या शेपट्या धरून फिरणारं त्रिकूट एका फटक्यात गेलं आणि मशीन उलट चपळ झालं. जानेवारी उजाडला तेव्हा यादीत बेचाळीस नावं होती. आयुष्यात पहिल्यांदाच सूर्यभान कामावरून शीळ घालत परतला.

बाहेर गाव मात्र श्वास रोखून बसलं होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल कोणत्याही दिवशी लागणार होता. चौकाचौकात पोलीस होते. चौबळसाहेबांनी नोटीस बोर्डावर लावलं होतं की, 'त्या विषयावर' आवारात चर्चा करू नये. साऱ्या कारखान्यात दुसरा विषयच नसल्यामुळं कँटीनमध्ये नुसता वरण भुरकल्याचा आवाज यायचा.

गाभा अजून फ्लॉपीबाहेर चार किलोबाइट लोंबत होता. उरलेल्यांत दोनच ऑप्शन असे होते, की ज्यांना हात लावायची सूर्यभानची छाती झाली नव्हती.

पहिला 'मकबरा'. तो सहा किलोबाइटांचा आणि खुद्द साहेबांचा. मशीन सुरू झालं की त्यामुळं पडद्यावर ताऱ्याताऱ्यांचा बीबी का मकबरा उमटायचा आणि खाली अक्षरं यायची: 'बांधकाम - य. वि. चौबळ'. दुसरा 'कडूबा'. तो नऊ किलोबाइटांचा. कोण कडूबा, कशासाठी, काही पत्ता नाही. बाकी ऑप्शनांखाली माहितीची ओळ असायची, 'शंका असेल तर नाही म्हणा.' याच्याखाली होतं, 'शंका असेल तर कडूबाला विचारा.'

त्यानं 'कडूबा' बंद करून बघितला. दोन दिवस मशीन चालवलं. कुणीही ओरडलं नाही. गाभा फ्लॉपीत मावला, वर जागा उरली. साहेब खूश झाले. "उडव तो. माणसांची नावं कसली देतात ऑप्शनांना! शिस्त नाही." हे म्हणताना त्यांच्या मागच्या पडद्यावर मकबरा चमकत होता, पण तो साहेबांना दिसायचा नाही. आपल्या पाठीमागचं कुणाला दिसतं?

काम झालं होतं. पत्र खिशात आल्यातच जमा होतं. पण सूर्यभानला जेवण जाईना. बापाचं मुकं कोकरू डोक्यातून हलत नव्हतं. स्टोअरमधल्या आवडाबाई पहिल्या दिवसापासून कंपनीत होत्या. त्यांना त्यानं भीत भीत विचारलं.

"कडूबा खरात," आवडाबाई दाराकडं बघत हळूच म्हणाल्या. "लई हुशार गडी. नामांतराच्या मोर्च्यात गेला, आठ दिस हर्सूलच्या जेलात व्हता. आला तं गेटावर पत्र तयार. बिनरजा गैरहजर म्हणून काढला. रांजणगावच्या फाट्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान हाय त्याचं."

पत्रावर सही कुणाची होती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि सूर्यभानला विचारावं लागलं नाही.

दुकान म्हणजे टपरीच. आत चाळिशीचा माणूस सोल्डरिंगचा डाग द्यायची कांडी घेऊन एका रेडिओच्या पोटात शिरलेला. "जयभीम," तो मान वर न करता म्हणाला. सूर्यभान आधी नमस्कार म्हणाला, मग ओशाळून जयभीम म्हणाला.

"खाम डेटातून आलोय. तुमच्या नावाचा ऑप्शन..."

कडूबाची कांडी थांबली. "अजून हाय त्यो? काढला नाय?"

"काढायचाय. रामकिसनजीच्या प्रेसवर मशीनं बसवायचीत, तर साहेब काढ म्हणतेत. पर खाली लिहिलंय, शंका असल तर तुमाला इचारा."

कडूबा एवढा हसला की टपरीतले तीन रेडिओ खरखरले. "सात वर्षं झाली ती वळ लिव्हून. इचारायला आलेला तू पहिला." मग एकदम गंभीर झाला. "तुमी तपासलं कुठं? त्या गार खोलीत? जनरेटरवर?"

"व्हय."

"मंग वरडणार कोण, भाऊ? तिथं लाइटच जात नाय. रामकिसनजीच्या प्रेसवर दिवसातून चार टायम जातीय. लाइट गेली, की मशीनच्या पोटात डोळ्याची पापणी लवंस्तोर करंट राहतो. तेवढ्यात माझा कडूबा हातातलं काम डिस्कवर ठिवतो आन् डिस्क नीट बंद करतो. त्यो नसला, तर डिस्कवरलं पान अर्धंच लिव्हलं जातं. मशीन पुन्यांदा उठत नाय. मढं."

 सूर्यभानच्या ध्यानात आलं, संक्रांतीला सगळं झकास चाललं असतं. पत्र मिळालं असतं. आणि आठवड्याभरात एक एक मशीन मरत गेलं असतं, न ओरडता.

"पर जागा नाय," तो कसाबसा म्हणाला. "चार केबी जादा व्हतंय."

"ते तुमी बघा," कडूबा म्हणाला, आणि आवाजातली चेष्टा गेली. "मला नोकरी नको, पैसा नको. मी बनवलेल्या कामाचं मढं पाडू नका, येवढंच."

परत जाताना सूर्यभान बापाच्या माळावरून गेला. वाघुरीत घुंगरू बांधलेला एक म्हातारा एडका ऐटीत उभा होता.

"बा, ह्या एडक्याचा उपेग काय?"

"त्याचा?" मुंजाबा म्हणाला. "काय नाय. नुसता वाजतोय."

सूर्यभाननं संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी 'मकबरा'पुढं 'नाही' लिहिलं आणि 'कडूबा'पुढं 'हो'.  गाभा फ्लॉपीत बसला, वर दोन किलोबाइट शिल्लक. साहेबांना त्यानं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

संक्रांतीला रामकिसनजींच्या प्रेस शॉपमध्ये सगळे जमले. चौबळसाहेब टाय लावून, खिशात पत्राचा लिफाफा मिरवत. मशीन सुरू झालं. पडद्यावर मकबरा आला नाही. सरळ कामाची यादी आली. साहेबांचे ओठ हलले, पण गिऱ्हाईकासमोर माझा मकबरा कुठंय म्हणून बोंबलणार कसे? त्यांनी सूर्यभानकडं असं बघितलं, की तो प्रेसच्या मागं सरकला.

रामकिसनजी वजनदार मारवाडी, दोनदा दुसऱ्या कंपन्यांच्या मशीननं हात पोळलेले. त्यांनी दोन मिनिटं आकडे बघितले आणि म्हणाले, "सब अच्छा है. लाइट गई तो?" आणि कुणी काही बोलायच्या आत भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

चौबळसाहेब पांढरे पडले. त्यांना वाटत होतं, 'कडूबा' उडवलाय. म्हणजे तो कशासाठी आहे हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं आणि केवळ नावापायी त्यांनी तो उडवायला सांगितला होता, हे सूर्यभानला त्या पांढऱ्या चेहऱ्यावरून कळलं आणि त्याला प्रथमच साहेबांचा राग आला. मनापासून आला.

स्विच वर गेला. मशीन उठलं आणि मोजणी जिथं थांबली होती तिथून पुढं चालू झाली. रामकिसनजींनी आणखी तीनदा लाइट घालवली. तिन्ही वेळा तेच. "वा!" म्हणून त्यांनी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला.

साहेबांनी सूर्यभानला बाजूला घेतलं. तोंडात तिळगूळ होता, तरी गोड काही निघालं नाही. "मकबऱ्याचं नंतर बघतो. ते कडूबा नाव आधी काढ. ऑप्शन राहू दे, नाव नको. उद्या नुसतं 'पॉवर' लिही, मग हे पत्र."

लिफाफा हातभर अंतरावर होता. तीन वर्षं या कागदासाठी त्यानं कोरडी पोळी खाल्ली होती. त्यानं तोंड उघडलं आणि त्यातून जे निघालं, ते ऐकून तो स्वतःच दचकला.

"नाय साहेब."

"काय?"

"नाव ऱ्हाईल. नसल पटत तर मला बंद करून बघा, कोण वरडतंय!"

हे जरा मोठ्यानंच झालं.  "किसको बंद करना?" तिळगुळाचा डबा घेऊन रामकिसनजी धावत आले. "चौबळसाब, बाकीची चार मशीनं हाच मुलगा बसवणार, समजलं? दुसऱ्याला पाठवलं तर ऑर्डर परत!"

साहेबांनी तिळगूळ गिळला. लिफाफा दिला. जाता जाता नाक राखायला म्हणाले, "निदान मागं 'पॉवर' तरी जोड."

त्याच दिवशी निकाल लागला. सूर्यभान फाट्यावर पोचला तेव्हा टपरीपुढं निळा गुलाल उधळला जात होता आणि दुरुस्तीला आलेले सगळे रेडिओ एकदम बातम्या सांगत होते. कडूबाचे डोळे लाल होते, गुलालानंच असं नाही.

"नामांतर मागितलं, नामविस्तार भेटला," तो म्हणाला. "बाबासाहेबांचं नाव लागलं, पर मागं 'मराठवाडा' ठिवलाच. सोळा वर्षं, भाऊ. किती घरं जळाली. पर लागलं."

"तुमचं बी तसंच झालं," सूर्यभान म्हणाला आणि छापील कागद पुढं केला. यादीत बेचाळिसाच्या जागी आता एक्केचाळीस ओळी होत्या. शेवटची होती, 'कडूबा पॉवर'.

कडूबानं कागद दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ वाचत राहिला, एका ओळीला एवढा वेळ लागत नाही.

"खालची वळ?"

"हाय. शंका आसल तर कडूबाला इचारा."

"मंग दुकान बंद ठिवता यायचं नाय," कडूबा म्हणाला, आणि कागदाची घडी खिशात ठेवून त्यानं सूर्यभानच्या कपाळाला निळा गुलाल लावला.