गुरुवारच्या तक्रारी

मी दोनशे पानी लाँगबुक बोलतेय. जाड पुठ्ठ्याची, लाल पाठीची. पिंपरी कॅम्पातल्या ज्या दुकानात मी होते, तिथल्या माझ्या अकरा बहिणी शाळेत गेल्या. कोणी भूगोलाची झाली, कोणी गणिताची. मी एकटी कारखान्यात आले. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. आज मात्र त्या अकरा जणींना बोलावून माझी पानं उलगडून दाखवावीशी वाटतात.

मला विकत घेतलं तळवड्याच्या नानासाहेबांनी. जुनं शेतकरी घराणं. शेताच्या जागी आता शेड आहे आणि शेडवर त्यांच्या आईच्या नावाची पाटी आहे, 'मंजुळा इंजिनिअरिंग'. तिथे गाड्यांना लागणारे पितळी बुश बनतात, बोटभर लांबीची गुळगुळीत नळकांडी. ती टेम्पोने चाकणच्या एका कंपनीत जातात. प्रत्येक मालासोबत मोजमापाचा रिपोर्ट लागतो. तो नसला तर टेम्पो चाकणच्या गेटवरूनच माघारी.

हे रिपोर्ट काढणारा कॉम्प्युटर क्वालिटी रूममध्ये होता. त्यातल्या विंडोजची मुदत संपली आणि चाकणच्या कंपनीने कळवलं की मुदत संपलेली सिस्टीम आता चालणार नाही. नवी विंडोज टाकून पाहिली, तर मोजमापाचं सॉफ्टवेअर तिच्यावर उघडेचना. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. विचारायचं कोणाला?

तेव्हा भाग्यश्री पुढे झाली. ताथवड्याच्या कॉलेजातून डिप्लोमा केलेली ही मुलगी दोन वर्षं पॅकिंगमध्ये खोकी बांधत होती आणि क्वालिटीत नुकतीच, तात्पुरती आली होती. ती म्हणाली, "साहेब, लिनक्सची एक सिस्टीम आहे. विंडोजची सॉफ्टवेअर चालवण्यासाठीच बनवलीय. मी टाकून देते."

सोपानराव खुर्चीतूनच हसले. अठरा वर्षं क्वालिटी रूम सांभाळणारे, लातूरकडचे, शिस्तीचे गृहस्थ. "शेठ, ही लिनक्स-बिनक्स इथं टिकायची नाही बघा. पोरींचे प्रयोग घरी करावेत."

नानासाहेबांनी दोघांकडे पाहिलं आणि मला टेबलावर ठेवलं. "फेब्रुवारीभर चालू दे. जो रिपोर्ट काढंल त्यानं हितं लिवायचं, कशी चालली ते. चांगलं निघालं, तर एप्रिलपास्नं दुसरी शिफ्ट सुरू करतोय, तिचा क्वालिटीचा चार्ज भाग्यश्रीचा. न्हाई निघालं, तर ती परत पॅकिंगला. आन पोरी, तू वहीला हात लावायचा न्हाई."

एका वाक्यात एका मुलीचं भवितव्य माझ्या पानांवर येऊन पडलं. माझ्या पाठीला दोऱ्याने पेन बांधलं गेलं आणि मी ताठ झाले.

भाग्यश्रीने सिस्टीम टाकली आणि पहिला आठवडा उत्साहाचा गेला. माणसांची एक गंमत आहे. चांगलं चाललं तर 'ओके' लिहितात, बिघडलं तर निबंध लिहितात. तनुजा नावाची इन्स्पेक्टर होती. तिसऱ्या दिवशी तिने लिहिलं, 'रिपोर्टमध्ये व्यासाच्या चिन्हाच्या जागी चौकोन येतो.' लिहिण्याआधी ती घुटमळली होती. मैत्रिणीच्या पोटावर पाय कसा द्यायचा? पण भाग्यश्रीनेच तिला सांगितलं, "जसं दिसलं तसं लिही गं, आणि मलाही सांग. लपवलंस तर मला कळणार कसं?" दोन दिवस खपून भाग्यश्रीने ते चिन्ह जागेवर आणलं आणि तनुजाने खाली लिहिलं, 'आता बरोबर येतं. आधीपेक्षा लवकर उघडते.' त्या दोन ओळी मला फार आवडतात.

सोपानरावांची तऱ्हा निराळी. ते कॉम्प्युटरच्या आसपासही फिरकत नसत, स्वतःचे रिपोर्ट तनुजाकडून काढून घेत. दर शनिवारी जेवणानंतर मात्र मला पुढ्यात ओढत, पट्टीने रेघा मारत आणि आठवडाभराच्या तारखा घालून सुवाच्य अक्षरात लिहीत : 'सकाळी १०.१५ ला सिस्टीम हँग.' तारीख बदलायची, वेळ तीच. कारखान्यातल्या कितीतरी रजिस्टरांचं आयुष्य असंच जातं म्हणा. मशीनला तेल घातलं का, पट्टा तपासला का, सगळं आठवड्याच्या शेवटी एका बैठकीत भरतात. सोपानरावांना त्यात गैर काही वाटतही नसावं. त्यांच्याखाली दोन ऑपरेटर 'वरीलप्रमाणे' लिहून सही ठोकत, वर काय आहे ते न वाचता.

माझा जीव तळमळायचा. खोटं माझ्याच अंगावर लिहिलं जात होतं आणि ते शाईचं अक्षर मला पुसताही येत नव्हतं. एक पान फाटून गळून पडावं, असंही मनात आलं.

अठ्ठावीस तारीख उजाडली, शनिवार. नानासाहेब क्वालिटी रूममध्ये आले, चष्मा लावला, मला मांडीवर घेतलं. सोपानरावांनी त्या आठवड्याचा कोटा सकाळीच भरून ठेवला होता. बाहेर टेम्पो भरत होता.

"दोन तारीख, हँग. तीन, हँग. चार, हँग. पाच, हँग..." नानासाहेब वाचत गेले. त्यांचा आवाज उतरत गेला. "पोरी, ह्ये तर रोजचंच हाय की. तनुजानं चांगलं लिवलंय, पर बाकीचे समदे बोंब मारत्यात. आता मी काय करू?"

भाग्यश्री पुढे आली. "साहेब, मी एकदा बघू?"

त्यांनी मला तिच्या हातात दिलं. महिनाभर समोर असून तिने मला एकदाही उघडलं नव्हतं. तिने पानं सावकाश उलटली. एका ओळीवर तिचं बोट थांबलं, तिने मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे.

"सर, पाच तारखेला सव्वादहाला हँग झाली?"

"झाली म्हणून तर लिव्हलं," सोपानराव म्हणाले.

"बारा तारखेला पण?"

"व्हय. रोजच व्हती ना."

"सर, पाच तारखेला गुरुवार होता. बारालाही, एकोणीसला आणि सव्वीसलाही." तिने कॅलेंडरकडे बोट केलं. "गुरुवारी आपली सुट्टी असते. शेडला कुलूप असतं."

खरं सांगते, माझ्या पोटात असून हे मलाही दिसलं नव्हतं! या औद्योगिक पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांसारखी आमचीही सुट्टी गुरुवारी. दर गुरुवारी मी अंधारात एकटी पडून असायचे आणि तरी त्या तारखांना माझ्यात सिस्टीम हँग होत होती.

नानासाहेबांनी मला हिसकावूनच घेतलं. "एकोनीस? आरं, एकोनीसला शिवजयंती! सोपानराव, तुमी तर फेटा बांधून मिरवनुकीत माज्या म्होरं लेझीम खेळत व्हता की! मंग हितं हँग कोन झालं?"

तनुजा फिस्सकन हसली. 'वरीलप्रमाणे'वाले दोघे दारातूनच मागे सटकले. मला तर टेबलावरच नाचावंसं वाटलं. इतके दिवस अंगावर वागवलेलं खोटं उघडं पडलं होतं, तेही कोणी फोडून सांगितल्याशिवाय, माझ्याच ओळींतून.

सोपानरावांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "शेठ, खोटं कशाला बोलू? म्या तिला हातच लावला नाही. नवीन शिकायचं म्हणलं की भीती वाटती. आन इचारावं कुणाला? लेकीच्या वयाच्या पोरीला?"

नानासाहेब रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मंग आता लावा हात. टेम्पो हुबा हाय, रिपोर्ट तुमीच काढायचा. त्याशिवाय माल हालायचा न्हाई."

भाग्यश्रीने खुर्ची मागे ओढून दिली. "बसा सर. मी इथंच आहे."

सोपानराव बसले. उंदराला धरल्यासारखा त्यांनी माउस धरला आणि भाग्यश्रीने सांगितलेल्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर मोजमापाचं सॉफ्टवेअर उघडलं. तीच निळी चौकट, तेच रकाने, तीच बटणं. ते पुढे झुकून बघतच राहिले.

"आरं! हे तर आपलंच हाय की!"

"तुमचंच आहे सर. फक्त खालची जमीन बदललीय."

पुढे त्यांना काही सांगावं लागलं नाही. अठरा वर्षांची बोटं आपोआप फिरली. आकडे भरले गेले, व्यासाचं चिन्ह झोकात उमटलं आणि प्रिंटरमधून रिपोर्ट बाहेर आला. तो घेऊन टेम्पो निघाला. दीड तासाने ड्रायव्हरचा फोन आला, चाकणच्या गेटवर माल उतरवून घेतला. क्वालिटी रूममध्ये टाळ्या पडल्या आणि सर्वांत मोठ्याने सोपानरावांनीच वाजवल्या.

मग त्यांनी पेन उचललं. या वेळी पट्टी घेतली नाही. अक्षर वाकडंतिकडं आलं : 'आज पहिल्यांदा वापरली. चांगली चालते. मागचं माझं सगळं रद्द समजावं.' खाली पूर्ण नावाची सही. माझ्या दोनशे पानांत यापेक्षा मोलाची ओळ नाही.

आता एप्रिल चालू आहे आणि मी दुसऱ्या शिफ्टची वही झाले आहे. कोपरे दुमडलेत, कव्हरावर तेलाचे डाग आहेत, साठेक पानं कोरी उरलीत. तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. लिहा, मनसोक्त लिहा. शिव्या लिहिल्यात तरी मी रागावणार नाही. फक्त आधी वापरून बघा, कारण तुमच्या एका ओळीवर कोणाचं तरी काहीतरी टांगलेलं असतं.

आज भाग्यश्रीला सोडायला तिचे वडील आले होते. तीस वर्षं एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये राबून निवृत्त झालेले. तिने मला त्यांच्या हातात दिलं. माझ्या कव्हरावर नवं लेबल आहे : 'क्वालिटी विभाग, दुसरी शिफ्ट. प्रमुख : भाग्यश्री साहेबराव ओव्हाळ.' त्यांनी ते वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा एकदा वाचलं.

"माझं नाव रोज रजिस्टरच्या आत असायचं गं," ते म्हणाले, "हजेरीला. कव्हरावर आज पहिल्यांदा बघतोय."

त्यांनी मला छातीशी धरलं. शाळेत गेलेल्या माझ्या अकरा बहिणींपैकी एकीला तरी कोणी असं धरलं असेल का, मला माहीत नाही. भोंगा वाजला, शिफ्ट सुरू झाली, तिने पेन उचललं. येते मी, कामावर जायचंय.