खंडेनवमीची बॅटरी

नळी मुलीच्या घशात अर्धी उतरली होती आणि दिवा गेला.

डॉक्टर शिवयोगींनी मान वर केली नाही. "वीज गेली. बॅटरीवर घ्या, रुद्राणीबाई."

सोलापुरात वीज जाणं नवं नव्हतं. म्हणूनच डॉक्टरांनी मुंबईहून काचेच्या तीन बरण्यांची बॅटरी आणवली होती. शहरची वीज असली की ती भरत राहायची. वीज गेली की नळीच्या टोकाचा वाटाण्याएवढा दिवा तिच्यावर चालायचा. दवाखान्यातलं विजेचं सगळं माझ्याकडे होतं.

मी खटका फिरवला. दिवा लागला नाही. पुन्हा फिरवला.

मुलगी दोन वर्षांची, नाव सरस्वती. दुधनी गावी शेंगा फोडताना तिनं दाणा तोंडात टाकला आणि त्याच वेळी तिला हसू आलं. दाण्याची एक पाकळी श्वासनळीत गेली. तिची आई नागव्वा दुपारच्या गाडीनं तिला घेऊन आली तेव्हा पोरीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. बाहेर आश्विनातलं लख्ख ऊन होतं, पण ऊन घशात उतरत नाही.

डॉक्टरांनी नळी बाहेर काढली. मुलीचे ओठ जांभळासारखे काळपट झाले होते.

"काय झालं?"

"बघते."

बॅटरी बोळातल्या कपाटात असे. मी दार उघडलं आणि झेंडूचा वास आला. एरवी तिथं आम्लाचा नाकाला झोंबणारा वास असायचा. तिन्ही बरण्यांना हळदकुंकवाची बोटं होती, गळ्यात माळा होत्या. काच इतकी स्वच्छ मी कधी पाहिली नव्हती. तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

बरण्या रिकाम्या होत्या.

मला आधी कळेचना. मी एक बरणी हलवून पाहिली, जणू आम्ल कुठे कोपऱ्यात दडून बसलं असेल. मग आतल्या शिशाच्या पट्ट्या पाहिल्या. निम्म्या पट्ट्यांवर तपकिरी थर असतो, सगळी करामत त्या थराची. इथं सगळ्याच पट्ट्या करड्या, घासून काढलेल्या. नवं आम्ल ओतलं असतं तरी उपयोग नव्हता.

"कशी दिसतीया, बाई?" मागून कोंडीबा म्हणाला. दवाखान्यातला सर्वांत जुना गडी. "डॉक्टरसायबांच्या सुऱ्या धुतल्या, कात्र्या धुतल्या. म्हनलं, हिनंच काय पाप केलंय? लई घाण साचली हुती बगा आत. नारळाच्या शेंडीनं घासली तवा कुटं निगाली."

"आतलं पाणी?"

"त्ये व्हय? मोरीत वतलं. फरशी नुसती फसफसली. शहाबादी हाय की, पांढरी पडली."

मी मुंबईत चार वर्षं प्रयोगशाळेत काढली. काच फुटताना पाहिली, वायू पेटताना पाहिला. पण धुऊन, माळ घालून मांडलेली बॅटरी कधी पाहिली नव्हती.

आतून शिट्टी आली. मग आली नाही. मग पुन्हा आली.

तीन बरण्या म्हणजे सहा व्होल्ट. अंगणात डॉक्टरांची मोटार उभी होती. तिचीही बॅटरी सहाची.

"कोंडीबा, पाना आण. मोटारीची बॅटरी काढायची."

त्याचं हसू गेलं. "बाई, पूजा झालीया तिची. चाकाखाली लिंबू ठिवलंय. आन् पाना तर पाटावर मांडलाय. उद्या शिलंगण झाल्याबिगर हत्याराला हात लावू न्हाय."

"त्या पोरीचा श्वास अडकलाय. बरण्या तू धुतल्या आहेस, त्यांच्यावर आता दिवा लागणार नाही. कधीच नाही."

 दाराशी बसलेली नागव्वा उठली. ती रडत नव्हती. "काका, माझी सरस्वती गेल्यावर कुणाची पूजा करतोस रे?" एवढंच ती म्हणाली.

कोंडीबा पळाला. पाटावरचा पाना त्यानं हळदकुंकवासकट उचलला, मोटारीची माळ एका हिसक्यात तोडली. मोटारीतली पायाखालची फळी काढून मी बॅटरीच्या तारा सोडवल्या. ते जड धूड त्यानं एकट्यानं उराशी धरून बोळात आणलं. मी रिकाम्या बरण्यांच्या तारा काढून तिला जोडल्या. उणे आणि अधिक मी दोनदा तपासलं.

आतून डॉक्टर म्हणाले, "लागला."

 बोळात मी, नागव्वा आणि कोंडीबा, तिघंही त्या बॅटरीकडे बघत होतो, जणू नजर काढली तर ती बंद पडेल.

मुलगी रडली. मोठ्यानं, घोगऱ्या आवाजात. नागव्वा आत धावली. डॉक्टर बाहेर आले, त्यांच्या चिमट्यात शेंगदाण्याची ती पाकळी होती. "एवढीशी," ते म्हणाले आणि बोळातच जमिनीवर बसले.

कोंडीबाला बोलायला माझ्या मनात एक वाक्य तयार होतं. चांगलं कडक. मी वळले. तो भिंतीला टेकून उभा होता आणि हात धोतराच्या सोग्यात गुंडाळले होते.

"हात दाखव."

"काय न्हाय, बाई. सकाळी त्ये पाणी जरा झोंबलं."

मीच सोगा सोडला. तळव्यांची कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती, बोटांच्या पेरांवर फोड आले होते आणि दोन फुटलेले होते. त्याच हातांनी त्यानं आत्ता ते धूड उचलून आणलं होतं. सकाळी पूजेची आरतीही त्याच हातांनी.

मी घमेल्यात पाणी घेतलं आणि खायचा सोडा टाकला. त्यानं हात बुडवले, सोग्याचं टोकही पडलं आत. सोग्यापाशी पाणी फसफसलं. आम्ल अजून त्या कापडात होतं.

"फरशीवानीच," कोंडीबा म्हणाला.

मी सोड्याची आणखी एक मूठ टाकली आणि फेस विरेपर्यंत त्याचे हात पाण्यात धरून ठेवले.