पाहुणा सोयरीक बघायला आला होता

साहेब, बन्सीचं काम तुम्ही घालवलं. नाव घेत नाही, खुर्ची कोणती ते तुम्हाला ठाऊक आहे.

बिडकीनला बन्सीचा पत्र्याच्या शेडमधला कारखाना. यंत्रांचे सुटे भाग करतो. चिनी कंपनीचं काम मिळालं तर चालणार, नाही तर दिवाळीनंतर कुलूप आणि आठ माणसं घरी. हे माहीत असून तुम्ही त्याला तीन दिवसांच्या शिबिरात एसीत बसवून चिनी इतिहास पाजला. पुण्याहून आणलेले विद्वान म्हणाले, चिनी माणूस हजारो वर्षं व्यापार लढाईसारखा करत आलाय. त्याच्यापुढं घरचं बोलू नका, चेहरा दगडासारखा ठेवा. बन्सीनं सगळं वहीत उतरवून घेतलं.

मग त्या कंपनीचे लिनसाहेब आले. स्वागताचा फलक मीच रंगवलेला, म्हणून मी तिथंच होतो. त्यांनी मशिनीकडं बघितलंसुद्धा नाही. दुभाष्याकरवी विचारलं, वडील काय करायचे? घरी किती जणं?

बन्सी दगड.

त्याची आई मंजुळाबाई चहा घेऊन उभी होती. म्हणाली, "याचे वडील मेंढरं..."

"आजी, थांबा. ते गोपनीय आहे," तुम्ही म्हणालात.

मेंढरं गोपनीय. बरं.

चहा निवायच्या आत तुम्ही करारनामा पुढं सरकवला, फोटोवाल्याला हाक मारली. लिनसाहेब हसले. म्हणाले, विचार करून कळवतो. तुम्ही टाळ्या पिटल्या आणि शहरात छावणी भागात अभिनंदनाचा फ्लेक्स लावला.

गाडी गेल्यावर म्हातारी बोलली. "कळवतो म्हंजी नाय रे. पोरगी बघून गेल्यावर नको असली की आपण दुसरं काय म्हणतो? सोयरीक बघायला आल्ता त्यो. घरदार इचारत व्हता, अन् तू मुका झालास."

"आई, शिबिरात तसंच शिकवलं."

"शिकवणाऱ्याचं तरी लगीन जमलं का?"

आता बन्सी आईला घेऊन लिनसाहेबांकडं जायचं म्हणतो. करारनामा न्यायचा नाही, नुसतं बसायचं, मेंढरांचं सांगायचं, त्यांच्या घरचं ऐकायचं. पाहुणा कुठं उतरलाय विचारलं तर तुमचं ऑफिस म्हणतं, अर्ज करा. अर्ज केला. पोच मिळाली, पत्ता नाही.

आज बुधवार. शुक्रवारी लिनसाहेब विमानात बसणार. मंजुळाबाई लुगडं नेसून तयार बसली आहे. तिला पत्ता देता की नाही, एवढंच सांगा.