चार भोकांचं बटण

चहाचा पहिला घोट घेतला आणि लेकीने तो सरळ बेसिनमध्ये थुंकला.

"आई, मीठ घातलंयस!"

आईने आपल्या कपातला घोट चाखला, तोंड वाकडं केलं आणि मटकन खुर्चीत बसली.

जन्मभर शिवणकाम केलेल्या आईला आता नुसत्या सावल्या दिसत होत्या, आणि तरी बाई एकटी राहीन म्हणत होती! वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी अधू नजरेच्या माणसांचा वर्ग भरतो. तिथल्या शिक्षिकेने तिला गॅसची ज्योत आवाजावरून ओळखायला शिकवली, काठीने पायऱ्या मोजायला शिकवलं. कोपऱ्यावरचा औषधवाला रात्रीच्या गोळ्यांच्या डबीला रबर लावून द्यायचा. डब्यांची युक्ती मात्र आईची स्वतःची होती. साखरेच्या झाकणावर चार भोकांचं बटण, मिठाच्या झाकणावर दोन भोकांचं. लेक आठवडाभर राहून बघणार होती. एक जरी घोळ झाला तर आईने बऱ्या बोलाने तिच्याकडे यायचं, असं ठरलं होतं. आज सातवा दिवस. आईच्या कपड्यांसाठी आणलेली रिकामी बॅग दाराशीच होती.

"भर बॅग," आई म्हणाली. आवाज पार खाली गेला होता. "माझीच बोटं दगा द्यायला लागली, तर कुणाला बोलू?"

लेकीला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. तिने साखरेचा डबा हातात घेतला. झाकणावर चार भोकं, आत मीठ. आणि मग आठवलं. काल आई वर्गाला गेली, तेव्हा तिनेच सगळी झाकणं घासूनपुसून परत लावली होती. स्वच्छतेची हौस दांडगी!

गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? संध्याकाळच्या गाडीने आई तिच्या घरी आली असती. आई साडीचा काठ बोटांत धरून त्यावरची शिवण पुनःपुन्हा चाचपत होती.

"आई, तुझी बोटं बरोबर आहेत गं. झाकणांची अदलाबदल मी केली. काल घासली ना."

आई इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"अगं गधडे! आठवडाभर माझ्यावर पहारा, आणि चोर पहारेकरीच!"

"हा घोळ नाही धरायचा," लेक म्हणाली.

"नाहीच धरायचा."

हुश्श! लेकीच्या छातीवरचं ओझं उतरलं. आईपेक्षा तिलाच जास्त सुटल्यासारखं वाटलं.

"शिक्षिका म्हणाल्याच होत्या, खूण डब्याला लावा, झाकणाला नको. पण मी कुणाचं ऐकते? आण ती बटणांची पेटी. आणि जायच्या आधी दहा-बारा सुयांत दोरा ओवून ठेव, तेवढं मात्र मला जमत नाही."

संध्याकाळी लेक रिकामी बॅग घेऊन गाडीत बसली. बॅगेच्या मुठीवर काहीतरी हाताला लागलं. दोऱ्याने घट्ट शिवलेलं बटण.

तिने डोळे मिटले आणि अंगठ्याने चाचपलं. चार भोकं.